मुलांचं वजन आटोक्यात आलं, पण कशामुळे?

भाचीला पाच वर्षांची लस द्यायची होती म्हणून बहिणीबरोबर एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन बसले होते. नंबर यायला अवकाश होता. समोर भिंतीवर एक फ्लेक्स होता: लहान मुलांसाठी वजन नियंत्रण कार्यक्रम, बारा आठवडे, मर्यादित जागा. खाली एकाच मुलाचे दोन फोटो, 'आधी' आणि 'नंतर'. नंतरच्या फोटोतलं पोरगं खरंच सडसडीत दिसत होतं. मागच्या दाराच्या कडीपर्यंत त्याचं डोकं पोचत होतं. आधीच्या फोटोत ते त्याच कडीच्या चांगलं चार बोटं खाली होतं. बारा आठवड्यांत एवढी उंची कुणाची वाढत नाही.

माझं काम वैद्यकीय संशोधनातल्या आकड्यांचं, त्यामुळे असा फ्लेक्स दिसला की हात शिवशिवतात. डॉक्टर खोटं बोलत असतील असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्याकडे आलेल्या मुलांमध्ये फरक दिसला असेल, आयांनी आभार मानले असतील. प्रश्न इतकाच, की तो फरक कार्यक्रमामुळे पडला की नाहीतरी पडणारच होता? फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात चालणाऱ्या अशा कार्यक्रमांची पारख कशी करायची, ते आज सांगते. ज्यांनी ती नीट केली त्यांच्या पदरी बऱ्याचदा निराशाच आली. तीही गोष्ट सांगणार आहे, कारण मला तीच सगळ्यांत आवडते.

आधी त्या कडीचं बघू. मोठ्या माणसाचं वजन वर्षात तीन किलोनं वाढलं तर वाढलं, विषय संपला. मुलांचं तसं नसतं. समजा आठ वर्षांचा मुलगा आहे, उंची १३० सेंटिमीटर, वजन ३२ किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. ३२ भागिले १.६९, म्हणजे साधारण १८.९. टिम कोल आणि सहकाऱ्यांनी २००० साली सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून ज्या आंतरराष्ट्रीय सीमारेषा ठरवल्या, त्यांत आठ वर्षांच्या मुलग्याचं 'जास्त वजन' १८.४४ पासून सुरू होतं. म्हणजे हा रेषेच्या वर गेला. वर्षभरानं तो नऊ वर्षांचा झाला. सहा सेंटिमीटर उंच झाला आणि वजन ३५ किलो झालं. बीएमआय पुन्हा १८.९ च. पण नऊ वर्षांच्या मुलग्याची रेषा आहे १९.१० वर. तीन किलो वजन वाढवून पोरगा 'जास्त वजना'तून बाहेर पडला!

म्हणून मुलांच्या बाबतीत 'किती किलो उतरले' हा प्रश्नच चुकीचा आहे. वयाच्या आणि मुलगा-मुलगीच्या मानानं बीएमआय कुठे आहे, ते बघायचं. त्यासाठी पर्सेंटाइल वापरतात. त्याच वयाची शंभर मुलं बीएमआयप्रमाणे रांगेत उभी केली, तर आपलं मूल खालून कितव्या नंबरवर येईल, तो त्याचा पर्सेंटाइल.

आता दुसरी भानगड. दवाखान्यात कार्यक्रमासाठी मुलं निवडतात कधी? वजन सगळ्यांत जास्त भरतं तेव्हा. दिवाळीचा फराळ, मग मामाकडची आठ दिवसांची सुट्टी, मग आजारपण झालं म्हणून घरात बसून काढलेला आठवडा. आईला वाटतं, आता हद्द झाली, दाखवूनच घेऊ. ज्या दिवशी आकडा चढलेला असतो त्याच दिवशी नाव नोंदवलं जातं. अशी पन्नास मुलं गोळा केली आणि त्यांना काहीही न करता तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर त्यांतल्या काहींचे आकडे आपोआप खाली आलेले दिसतील. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं: टोकाला गेलेला आकडा पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकतो. ताप १०३ झाला की आपण डॉक्टरांकडे धावतो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरतो. गोळीनं उतरला की नाहीतरी उतरणारच होता, ते एकट्या आपल्या तापावरून कधीच कळत नाही.

यावर एकच उपाय आहे, तुलनेचा गट. निम्म्या मुलांना कार्यक्रम द्यायचा, निम्म्यांना नेहमीचे उपचार चालू ठेवायचे, आणि कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. डॉक्टरांच्या किंवा पालकांच्या मर्जीवर सोडलं तर उत्साही घरं कार्यक्रमात जाणार, कंटाळलेली बाहेर राहणार, आणि मग आपण कार्यक्रमाऐवजी उत्साह मोजत बसणार. शेवटी उंची-वजन घेणाऱ्याला हे मूल कुठल्या गटातलं आहे ते माहीत असता कामा नये. माहीत असलं की हात नकळत झुकतो. मोजणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण माणूस आहे.

आता ती आवडती गोष्ट. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मेलिसा वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्यक्रम बनवला. नाव 'लीप', म्हणजे 'लिव्ह, ईट अँड प्ले'. कल्पना अगदी शहाणपणाची होती. लठ्ठपणाच्या खास क्लिनिकपर्यंत फार थोडी मुलं पोचतात, पण फॅमिली डॉक्टरकडे सगळीच जातात. तर मग तिथंच का करू नये? २९ दवाखान्यांत पाच ते नऊ वर्षांच्या २,११२ मुलांची उंची-वजनं घेतली. त्यांतली जास्त वजनाची किंवा थोडीशी लठ्ठ अशी १६३ मुलं अभ्यासात घेऊन चिठ्ठ्या टाकल्या. कार्यक्रमातल्या कुटुंबांनी बारा आठवड्यांत चार वेळा डॉक्टरांना भेटायचं होतं. हातात सोळा पानांचं कौटुंबिक फोल्डर होतं: गोड पेयांऐवजी पाणी, टीव्हीला मर्यादा, मैदानावर खेळ, ताटात भाज्या. वाचून कुणीही मान डोलवेल असंच सगळं.

निकाल २००७ मध्ये छापून आले. नऊ महिन्यांनी दोन्ही गटांच्या बीएमआयमधला फरक ०.२. पंधरा महिन्यांनी शून्य.

त्यात एक गंमत होती. कार्यक्रमातल्या पालकांनी सांगितलेला मुलांचा आहार मात्र सुधारला होता. म्हणजे एक तर आहार खरंच सुधारला पण बीएमआय हलवण्याइतका नाही, किंवा 'काय खाता?' या प्रश्नाचं बरोबर उत्तर काय, ते पालकांना कळलं. डॉक्टरांनी चार वेळा भाज्यांबद्दल सांगितल्यावर 'भाजी खात नाही' असं लिहायला कुणाची जीभ, नव्हे, कुणाचं पेन रेटेल? म्हणून पालकांनी भरलेल्या फॉर्मवर कार्यक्रम यशस्वी ठरवला असेल, तर मी दोन पावलं मागे सरकते.

कुणी दुसरं असतं तर आहाराचा तेवढा आकडा घेऊन 'कार्यक्रमामुळे आहारात सुधारणा' असा मथळा लावून मोकळं झालं असतं. वेक यांच्या चमूनं तसं केलं नाही. त्यांनी कार्यक्रम सुधारला, डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर भर दिला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठी चाचणी केली. लीप-२ मध्ये ४५ दवाखाने आणि ६६ डॉक्टर होते. ३,९५८ मुलांची मोजमापं घेतली गेली आणि शेवटी २५८ मुलं चाचणीत आली. वर्षानं बीएमआयमधला फरक निघाला ०.११, आणि तोही खात्रीचा नाही. आकडेशास्त्राच्या हिशोबानं खरा फरक ०.४५ नं कमी ते ०.२२ नं जास्त यांच्या मध्ये कुठेही असू शकत होता, आणि शून्य त्या पट्ट्यात बसतंच.

०.११ म्हणजे किती? वरच्या १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलाच्या वजनात मोजलं तर साधारण १९० ग्रॅम. वजनकाट्यावर चढण्याआधी पेलाभर पाणी प्यायलं तरी तेवढं वाढतं. आणि त्याच मुलाची उंची मोजताना १३० ऐवजी १२८ वाचली गेली तर बीएमआय १८.९ वरून १९.५ वर जातो. दोन सेंटिमीटरच्या चुकीनं पडणारा फरक अख्ख्या कार्यक्रमाच्या फरकाच्या पाचपट! आपल्याकडच्या दवाखान्यांत उंची कशी मोजतात, आठवून बघा. भिंतीवर जिराफाचं स्टिकर, खाली स्कर्टिंगची फरशी भिंतीतून बोटभर पुढे आलेली, त्यामुळे टाच भिंतीला टेकत नाही. मुलीचा पोनीटेल पट्टीला नडतो. पायात बूट. आणि मूल 'इंजेक्शन आहे का?' म्हणून मान खाली घालून उभं. या सगळ्यांतून निघालेला आकडा दशांश चिन्हासकट फाइलमध्ये जातो.

लीप-२ नं खर्चही मोजला होता. ३,९५८ मुलं मोजायला लागलेला वेळ, डॉक्टरांचं प्रशिक्षण, भेटी, सगळं धरून आरोग्य व्यवस्थेचा खर्च वाढला, आणि बदल्यात फारसं काही हाती आलं नाही. मूल्यमापनाचा हा भाग लोक टाळतात. फुकट सल्ला फुकट नसतो. डॉक्टरांची पंधरा मिनिटं एका मुलाला दिली की ती दुसऱ्या कुणाला तरी मिळत नाहीत.

या चमूनं तिसऱ्यांदाही प्रयत्न केला. लठ्ठ मुलांसाठी रुग्णालयातले तज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर यांनी मिळून उपचार करायचे, अशी जोडगोळी जमवली. ३ ते १० वर्षांची ११८ मुलं घेतली. निकाल २०१३ मध्ये आले: दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. एकाच कल्पनेवर इतकी वर्षं घालवून तीनदा 'नाही जमलं' असं छापायला जिगर लागते. औषधांच्या बाबतीत आपण असा पुरावा मागतो. 'गोड कमी खा, जास्त खेळा' या सल्ल्याच्या बाबतीत कुणी मागत नाही, कारण सल्ला चुकीचा वाटतच नाही. सल्ला चुकीचा नव्हताच. चार भेटींत तो घरात उतरत नाही, एवढं मेलबर्ननं दाखवलं.

मग काहीच चालत नाही का? तसं नाही. अमेरिकेत केन रेझ्निको यांच्या चमूनं ४२ दवाखान्यांत दोन ते आठ वर्षांच्या ६४५ मुलांवर चाचणी केली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. इथे चिठ्ठ्या मुलांच्या नावानं न टाकता दवाखान्यांच्या नावानं टाकल्या. एकच डॉक्टर सकाळी एका आईशी नव्या पद्धतीनं आणि दुपारी दुसरीशी जुन्या पद्धतीनं बोलेल, ही अपेक्षाच फोल असते. शिकलेलं शिकलं. त्यामुळे अख्खा दवाखाना एका गटात. एक गट नेहमीच्या उपचारांचा, दुसऱ्यात डॉक्टरांनी पालकांशी 'मोटिवेशनल इंटरव्ह्यूइंग'च्या पद्धतीनं बोलायचं, तिसऱ्यात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांनीही.

ही पद्धत म्हणजे काय, ते उदाहरणानं सांगते. नेहमीचं संभाषण असं असतं:

"वजन जास्त आहे याचं. बिस्किटं, वेफर्स बंद करा. पुढच्या महिन्यात दाखवा."

"हो डॉक्टर."

नव्या पद्धतीत डॉक्टर आधी विचारतात:

"शाळेतून आल्यावर काय खातो तो?"

"चहा-बिस्किट. सासूबाई देतात. त्यांना नाही म्हणवत नाही हो."

"बरोबर आहे, आजीचं मन कसं मोडणार? यातलं तुम्हाला जमेल असं काही वाटतं?"

"चहा बंद नाही होणार. पण अख्खा पुडा समोर न ठेवता दोनच बशीत काढून ठेवता येतील. तेवढं मी आईंना सांगू शकेन."

उत्तर आईच्या तोंडून आलं की ते तिचं असतं. ही पद्धत मुळात दारू सोडवणाऱ्या समुपदेशनातून आली, आणि तिला वेळ लागतो.

दोन वर्षांनी सरासरी पर्सेंटाइल होते: नेहमीच्या उपचारांत ९०.३, फक्त डॉक्टरांच्या गटात ८८.१, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ८७.१. पहिल्या गटापेक्षा ठामपणे वेगळा म्हणता येईल असा तिसराच. पण माझी नजर वेगळ्याच आकड्यावर खिळली. नेहमीच्या उपचारांच्या गटातही पर्सेंटाइल दोन वर्षांत १.८ नं उतरला होता, खास काही न करता. तिसऱ्या गटात तो ४.९ नं उतरला. फ्लेक्स छापणाऱ्यानं ४.९ छापला असता. कार्यक्रमाची कमाई धरायची ती दोघांतला फरक, म्हणजे साधारण ३. तुलनेचा गट नसता तर नुसत्या काळाचं श्रेयही कार्यक्रमाच्या खात्यात जमा झालं असतं.

२०२३ मध्ये लिओनार्ड एपस्टीन आणि डेनिस विल्फ्ली यांच्या चमूनं त्याहून जड प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या चार शहरांत, मुलांच्या नेहमीच्या दवाखान्यांतच, सहा ते बारा वर्षांची ४५२ मुलं आणि प्रत्येकाबरोबर एक पालक. दवाखान्यात प्रशिक्षित कोच नेमले. पदार्थांना सिग्नलसारखे लाल, पिवळे, हिरवे रंग दिले. पालकाचं वजनही उपचारात धरलं, कारण मुलाला सॅलड आणि बापाला भजी हे घरात टिकत नाही. दोन वर्षांनी कार्यक्रमातली मुलं तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे होती. आणि ज्या भावंडांना कुणी उपचार दिलेच नव्हते, त्यांच्यातही फरक दिसला. एका घरात एकच स्वयंपाक होतो, त्याचा हा परिणाम असावा.

लीप आणि या प्रयोगात मोठा फरक आहे तो तासांचा. डॉक्टरांच्या चार साध्या भेटी म्हणजे सगळे मिळून तासाभराचं बोलणं. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं, म्हणजे प्रतिबंधक आरोग्यसेवांबद्दल शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटानं, २०१७ मध्ये वेगवेगळ्या चाचण्या शेजारी ठेवून सांगितलं, की किमान २६ तास कुटुंबाशी संपर्क असेल तरच फायदा दिसतो. २०२४ च्या शिफारशीतही २६ तास कायम आहेत. मला यात एक खुसपट काढायचंच आहे: जास्त तासांचे कार्यक्रम बहुधा जास्त पैसा आणि चांगली माणसं असलेल्या ठिकाणी होतात, तेव्हा सगळं श्रेय तासांना देता येत नाही. तरी एक तास पुरत नाही, हे मानायला हरकत नसावी.

तेवढ्यात मी रिसेप्शनवरच्या ताईंना सहज विचारलं, "त्या वजनाच्या बॅचला किती मुलं असतात हो?"

"सुरुवातीला भरपूर असतात. परीक्षा आल्या की गळतात," त्या म्हणाल्या, आणि फोन वाजला.

ही गळती म्हणजे मूल्यमापनातला सगळ्यांत मोठा सापळा. समजा चाळीस मुलांनी नाव घातलं आणि वीस शेवटपर्यंत टिकली. टिकली ती कोण? ज्यांना फरक जाणवत होता ती. ज्यांचा काटा हलत नव्हता, ती कंटाळून किंवा लाजून आधीच गेली. आता त्या विसांची सरासरी काढली तर कार्यक्रम झकास दिसणारच. म्हणून नियम असा, की चिठ्ठी निघाली त्या दिवशी जो ज्या गटात होता तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा, मग तो एकदाही फिरकला नसला तरी. लग्नाचा खर्च पत्रिका छापल्यापासून धरतात, पंगत उठल्यावर उरलेल्या पाहुण्यांवर भागत नाहीत, तसंच.

मनावरचा परिणामही मोजायला हवा. 'तू जाडी आहेस' हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं मूल ते कुठे ठेवतं, सांगता येत नाही. मेलबर्नच्या चाचण्यांत मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं तेही विचारलं होतं, आणि कार्यक्रमामुळे नुकसान झाल्याचं दिसलं नाही. फ्लेक्सवर मात्र हा मुद्दा मला अजून कधी दिसलेला नाही.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एक, शरीरं दोन. तेव्हा आपल्या मुलांच्या कार्यक्रमाचं यश फक्त बीएमआयवर मोजलं तर काहीतरी निसटतं. निदान कंबरेचा घेर तरी मोजावा. रेषा कुठे आखायची हाही प्रश्न आहेच. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी केले. त्यांत 'जास्त वजन' आणि 'लठ्ठ' या रेषा प्रौढपणी २३ आणि २७ बीएमआयला जाऊन मिळतील अशा आखल्या आहेत. आंतरराष्ट्रीय तक्त्यात त्या २५ आणि ३० ला मिळतात. त्यामुळे एकच मूल एका तक्त्यावर ठीक आणि दुसऱ्यावर जास्त वजनाचं ठरतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक तक्ता आणि शेवटी दुसरा वापरला, तर पेनाच्या एका फटक्यात डझनभर मुलं 'बरी' होतील.

आणि आपला वजनकाटा अजून मुख्यतः कुपोषण शोधायला बसलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानानं खुजी होती आणि ३.४ टक्के जास्त वजनाची. आधीच्या फेरीत जास्त वजनाची २.१ टक्के होती. त्यात 'गुटगुटीत' हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द. बाळसं आहे, जाईल, म्हणतात. पुष्कळदा जातंही, आणि त्याचंही श्रेय कुणाच्या तरी कार्यक्रमाला मिळतं.

भाचीचा नंबर लागला. आत नर्सनं तिला जिराफाला पाठ लावून उभं केलं आणि आकडा लिहायला पेन उचललं.

"सँडल काढ गं," मी म्हटलं.

सँडल काढल्या. टाचा मागे घ्यायला लावल्या. बो सोडला. दोन सेंटिमीटर गेले.

"तू माझ्या पोरीची उंची कमी केलीस," बहीण परतताना रिक्षात म्हणाली. घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही.